आय-आयवर काम करायचं म्हणतेस, तर...

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

मादागास्करला जाऊन आय-आयचा अभ्यास करायचा तुझा विचार वाचून फार बरं वाटलं. माकडं, वानरं, माणसं ज्यात येतात त्या प्रायमेट गणातल्या निशाचर प्राण्यांत हा सगळ्यांत मोठा, तरी वजन जेमतेम अडीच किलो. समोरचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून सुरुवातीच्या अभ्यासकांनी या लेमूरला, म्हणजे मादागास्करच्याच या प्रायमेटाला, चक्क खारींच्या कुळात बसवलं होतं.

गेल्या गेल्या तो दिसेल, अशी आस धरू नकोस. एकटा हिंडतो, तोही उंच झाडांवरून. आधी दिवसा फिर. वाळक्या फांद्यांवरची कुरतडलेली भोकं बघ, बेचक्यात डहाळ्यांची गोल घरटी शोध. रात्री लाल उजेडाची बॅटरी वापर आणि मुख्य म्हणजे कान दे. मधलं बोट तारेसारखं बारीक. त्यानं तो लाकडावर भराभर टकटक करतो आणि मोठाले कान रोखून आतली पोकळी हेरतो. मग दातांनी लाकूड फोडायचं, तेच बोट आत सरकवायचं आणि अळी ओढून काढायची. ते बोट खांद्याच्या सांध्यासारखं चहूकडे फिरतं. हे दृश्य बघायला मिळालं तर वहीत सगळं लिहून ठेव, फोटोच्या मागे लागू नकोस.

पण खरं काम गावात आहे. काही भागांत आय-आय दिसणं अपशकुन मानतात, दिसला की मारतात. त्यावर हसू नकोस. घरावर घुबड बसलं की आपल्याकडेही माणसं धास्तावतातच. शिवाय तो नारळ पोखरतो, म्हणजे नुकसान खरंच होतं. भातासाठी जंगल जाळणाऱ्यालाही घर चालवायचं असतं. इकडे मादीला दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू होतं, त्यामुळे मारलेल्या प्रत्येक जनावराची भरपाई व्हायला वर्षं जातात.

1960 च्या दशकात नऊ आय-आय वाचवण्यासाठी मादागास्करजवळच्या नोसी मांगाबे बेटावर नेऊन सोडले होते. तेव्हा ते गरजेचंच वाटलं असणार. पण सगळ्या लेमूरांना बेटं कुठून आणणार? आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या 2020 च्या यादीत 107 पैकी 103 लेमूर जाती धोक्यात होत्या. म्हणून मला गावकऱ्यांसोबतचं काम जास्त मोलाचं वाटतं.

प्रबंधाचा विषय ठरवण्याआधी तिथली मालागासी भाषा शिकायला लाग. फ्रेंचवर कचेरीतली कामं होतील, पण नारळवाल्या आजीशी बोलायला तिची भाषाच लागेल.

तुझा,
सर