टेक्ससची लोकसंख्या एवढी बदलली, तरी ते राज्य रिपब्लिकनच कसं? आणि अशा राज्यात सार्वजनिक रेडिओ टिकेल का?

दोन्ही प्रश्न एकत्र विचारलेत हे बरं केलंत, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. माणूस कोणत्या समाजाचा हे कळलं, की तो मत कुणाला देईल आणि रेडिओवर काय ऐकेल हेही कळलं, ही ती समजूत. मी ऑस्टिनजवळ राहतो, इथल्या सार्वजनिक रेडिओला वर्गणी देतो आणि निवडणुका बारकाईने बघतो. या समजुतीने इथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं जेवढं नुकसान केलं, तेवढंच रेडिओचंही केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी मतदारांचं बघू. २०१० ते २०२० या दशकात टेक्ससमध्ये जवळजवळ ४० लाख माणसं वाढली आणि त्यातली साधारण ९५ टक्के गोऱ्यांखेरीज इतर समाजांची होती. २०२२ च्या अंदाजात हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेले, लोक ४०.२ टक्के आणि गोरे ३९.८ टक्के झाले. या आकड्यांवरून ‘टेक्सस आज ना उद्या डेमोक्रॅट होणार’ असं भाकीत वर्षानुवर्षं केलं गेलं. २०१८ मध्ये डेमोक्रॅट बेटो ओरूर्क सिनेटच्या निवडणुकीत रिपब्लिकन टेड क्रूझ यांच्याकडून तीन टक्क्यांपेक्षा कमी फरकाने हरले, तेव्हा तर ते भाकीत खरं ठरल्यासारखंच वाटलं. मग २०२४ आलं आणि ट्रम्प इथे जवळजवळ १४ टक्क्यांनी जिंकले.

जनगणनेत प्रत्येक डोकं मोजलं जातं, मतदार यादीत फक्त सज्ञान नागरिक असतात. हे आपल्या लोकांइतकं कुणाला ठाऊक असणार! फ्रिस्को, प्लेनो, केटी, शुगर लँड इथे मराठी घरं भरपूर आहेत, गणपतीला हॉल अपुरे पडतात. पण त्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आहेत. कर भरतात, मुलं इथल्याच शाळेत घालतात, मत मात्र देऊ शकत नाहीत. हिस्पॅनिक समाज तर वयानेच तरुण आहे, त्यातली बरीच मुलं अजून अठराची झालेली नाहीत. शिवाय बाहेरून येणारा प्रत्येक जण उदारमतवादी असतो असंही नाही. २०१८ च्या मतदानोत्तर चाचणीत जन्माने टेक्ससचे असलेले लोक ओरूर्क यांच्या बाजूला थोडे झुकलेले होते. क्रूझ यांना तारलं ते दुसऱ्या राज्यांतून इथे येऊन राहिलेल्यांनी.

सगळ्यात मोठा धडा मात्र स्टार काउंटीचा आहे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांडेच्या खोऱ्यात ही काउंटी आहे आणि तिथले सुमारे ९७ टक्के लोक हिस्पॅनिक आहेत. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन तिथे ६० टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. २०२० मध्ये बायडन जेमतेम पाच टक्क्यांनी जिंकले. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले, तेही १६ टक्क्यांनी. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्टार काउंटीने रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला तो १८९२ नंतर पहिल्यांदाच. आठ वर्षांत तिथली लोकसंख्या बदललेली नाही. माणसं तीच, मत बदललं. तेलक्षेत्रातली कामं, सीमेवरच्या गस्तीत आणि पोलिसांत असलेले घरातले लोक, महागाई, चर्च, सीमा ओलांडून येणाऱ्यांची वाढलेली संख्या असं बरंच काही त्यामागे आहे. पण ते कळायला तिथे जाऊन ऐकावं लागतं.

इथेच रेडिओचा विषय सुरू होतो.

आपल्याकडे सार्वजनिक रेडिओ म्हटलं की आकाशवाणी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतली व्यवस्था तशी नाही. एनपीआर ही राष्ट्रीय संस्था कार्यक्रम बनवते, पण स्थानकं तिच्या मालकीची नसतात. स्थानिक स्थानकाचा परवाना कुठे विद्यापीठाकडे असतो, कुठे एखाद्या ना-नफा संस्थेकडे. पैसा श्रोत्यांची वर्गणी, प्रायोजक, देणग्या आणि थोडं केंद्राचं अनुदान यातून येतो. हे अनुदान १९६७ च्या कायद्याने उभारलेल्या महामंडळामार्फत मिळायचं, ज्याला इथे सगळे सीपीबी म्हणतात. त्या कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्ससचेच होते. मूळ विधेयक फक्त टीव्हीपुरतं होतं, रेडिओचा समावेश अगदी शेवटच्या टप्प्यात झाला.

आता रिओ ग्रांडेच्या खोऱ्याकडे परत येऊ. तिथलं एनपीआर ऐकवणारं रेडिओ स्थानक कॅथलिक धर्मप्रांताच्या मालकीचं होतं. २०१९ मध्ये धर्मप्रांताने ते एका धार्मिक रेडिओ जाळ्याला विकलं आणि खोऱ्यातली ती सेवा बंद पडली. म्हणजे देशातलं सर्वात मोठं मतपरिवर्तन जिथे घडू लागलं होतं, नेमकं तिथलंच स्थानक आदल्या वर्षी गेलं. रेडिओ गेला म्हणून मतं फिरली असं मी मुळीच म्हणत नाही. पण ती फिरत असताना शाळेच्या मंडळाच्या, पाण्याच्या, गावच्या पंचायतीच्या बातम्या रोज देणारा आणि तिथल्या माणसाला तिथल्याच माणसाचा आवाज ऐकवणारा एक कान कमी झाला. २०२० चा निकाल पाहून मोठ्या शहरांतले पत्रकार चकित झाले, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांना ते आधी कळायला हवं होतं.

सार्वजनिक रेडिओवरचा आरोप तुम्हाला माहीत असेल: हा शहरी, शिकलेल्या, डाव्या लोकांचा रेडिओ आहे. त्यात तथ्य आहे आणि ते नाकारून भलं होणार नाही. एनपीआरमध्ये पंचवीस वर्षं काम केलेले संपादक उरी बर्लिनर यांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की २०११ मध्ये २६ टक्के श्रोते स्वतःला पुराणमतवादी म्हणवत, २०२३ मध्ये ते प्रमाण ११ टक्क्यांवर आलं. त्यांच्या लेखातल्या सगळ्याच निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण या घसरणीकडे दुर्लक्ष करता येत नाही. ज्या राज्यात सत्ता पुराणमतवाद्यांची आहे, तिथे त्यांनाच आपला न वाटणारा रेडिओ चालवणं अवघड असणारच.

जुलै २०२५ मध्ये ते दिसलं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सीपीबीचे आधीच मंजूर झालेले दोन वर्षांचे मिळून सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. सिनेटमध्ये मतं पडली ५१ विरुद्ध ४८. टेक्ससचे दोन्ही सिनेटर, क्रूझ आणि कॉर्निन, कपातीच्या बाजूने होते. त्यानंतर सीपीबीने काम गुंडाळायला घेतलं.

पण फटका कुणाला बसला ते बघा. ऑस्टिन, ह्यूस्टन, डॅलस इथल्या स्थानकांकडे वर्गणीदार मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्या उत्पन्नात केंद्राचा वाटा लहान होता. उलट मार्फाचं उदाहरण घ्या. पश्चिम टेक्ससच्या वाळवंटातलं हे गाव, वस्ती दोन हजारांच्या आत. तिथलं स्थानक शेकडो मैलांच्या मुलखाला आणि मिडलंड-ओडेसाच्या तेलपट्ट्यालाही बातम्या पुरवतं. तो तेलपट्टा कट्टर रिपब्लिकन आहे. या स्थानकाच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग सीपीबीकडून येत होता. डाव्या शहरांना धडा शिकवायला निघालेली कुऱ्हाड अशी आपल्याच मतदारांच्या रेडिओवर पडली.

शहरातली स्थानकंही निर्धास्त नाहीत. ऑस्टिनच्या केयूटी या स्थानकाचा परवाना टेक्सस विद्यापीठाकडे आहे आणि ह्यूस्टनच्या स्थानकाचा ह्यूस्टन विद्यापीठाकडे. या विद्यापीठांची नियामक मंडळं राज्यपाल नेमतात. केंद्राचा पैसा थांबला तरी राज्य सरकारच्या हातात हा दोर राहतोच. बातम्यांत ढवळाढवळ झाल्याचं मी म्हणत नाही, पण अशा व्यवस्थेत संपादकाला कणा जपावा लागतो.

तर टिकेल का? शहरांत टिकेल, याबद्दल मला शंका नाही. कपातीनंतर माझ्या ओळखीतल्या अनेकांनी, त्यात रिपब्लिकनांना मत देणारेही आहेत, पहिल्यांदा वर्गणी भरली. खेड्यांत आणि सीमेवर मात्र ते शहरांतली स्थानकं किती हात देतात यावर अवलंबून आहे. मोठी स्थानकं २०१५ पासून ‘टेक्सस स्टँडर्ड’ हा रोजचा कार्यक्रम मिळून चालवतात, पुढे त्यांनी सामायिक वृत्तकक्षही उभारला. हे उत्तमच आहे. पण स्टार काउंटीत कायमचा राहणारा, स्पॅनिशमध्ये सहज बोलणारा बातमीदार नेमायला हवा, आणि तो निवडणुकीपुरता नको. फ्रिस्कोतल्या आपल्या लोकांवरही बातमी येते ती बहुधा दिवाळीला किंवा व्हिसाचे नियम बदलले की. शाळांचे निकाल, घरपट्टी, गर्दीचे रस्ते यावर ही माणसं तावातावाने बोलतात, आणि त्यांची इथे जन्मलेली मुलं आता मतदार होत आहेत.

इंटरनेटवरून ही सगळी स्थानकं भारतातही ऐकता येतात. सुरुवात मार्फापासून करा, आणि त्याच आठवड्यात ऑस्टिनच्या स्थानकावरच्या बातम्याही ऐका. एकाच राज्यातले दोन मुलूख किती वेगवेगळ्या गोष्टींची काळजी करतात, ते तुमच्या लगेच लक्षात येईल.