प्रार्थना करूनही असे का?

या वेळी आलेल्या पत्रांतून मी चार प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळून प्रश्नांचा सारांश देत आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांची कारखान्यातील नोकरी जाऊन आठ महिने झाले. आम्ही कधी दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देणे, चुकवला नाही. घरात दर्शनी भिंतीवर बायबलमधील यिर्मया 29:11 हे वचन लावलेले आहे. एका प्रवचनकारांनी सांगितले की आमचा विश्वास कमी पडतो आहे. ‘बी’ म्हणून, म्हणजे पेरले की भरभरून परत मिळेल अशा आशेने, मोठे दान दिले तर तीन महिन्यांत नोकरी मिळेल. दागिना मोडून दान द्यावे का?

भगिनी, दागिना मोडू नका. हे उत्तर पहिल्याच ओळीत देतो, कारण कदाचित तुम्ही सराफाकडे जाण्याच्या तयारीत असाल.

आता तुमच्या भिंतीवरच्या वचनाकडे वळू. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नव्हेत, असा त्याचा आशय आहे, आणि आपल्या कितीतरी घरांत ते लावलेले असते. परंतु हे वचन एका पत्रातले आहे, आणि ते पत्र सुखवस्तू माणसांना लिहिलेले नव्हते. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेहून ज्यांना बाबेलास पाडाव करून नेले होते, ज्यांचे घर, शेत आणि मंदिर मागे राहिले होते, अशा लोकांना यिर्मयाने ते पाठवले. वचनाच्या आधीचा भाग वाचा : घरे बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचे उत्पन्न खा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. मग मुदत सांगितली आहे, ती सत्तर वर्षांची! आणि त्याच्या अगोदरच्या, म्हणजे 28व्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा भेटतो. दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल, असे तो मंदिरात सर्वांसमक्ष सांगतो. लोकांना त्याचे बोलणे गोड वाटले असणार, परंतु शास्त्र त्याला खोटा ठरवते. तीन महिन्यांची मुदत देणारा कोणी भेटला की मला हनन्या आठवतो.

देवाचे अभिवचन खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते अभिवचन वाट पाहणाऱ्या माणसाला दिलेले आहे, आणि वाट पाहताना मळा लावायला सांगणारे आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. यजमानांनी मिळेल ते लहान काम पत्करले तर तो विश्वासाचा अभाव नव्हे. तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांना आणि पंचांना घरची खरी परिस्थिती सांगा. दशमांश नियमित देणाऱ्या कुटुंबाला अडचणीच्या दिवसांत मंडळीकडे हात पुढे करण्याचा संकोच वाटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील पहिली मंडळी गरजूंना वाटून देत असे, आणि ते घेणाऱ्यांना कोणी अविश्वासी म्हटले नाही.

प्रश्न : माझी आई कर्करोगाने गेली. आम्ही उपास केले, मंडळीने साखळी प्रार्थना ठेवली, तरीही ती वाचली नाही. दफनाच्या दिवशी प्रत्येक जण ‘देवाची इच्छा’ म्हणत होता. आता रविवारी उपासनेत गीत सुरू झाले की माझे ओठ हलत नाहीत. मला देवाचा राग येतो. हे पाप आहे का?

पाप नाही. ‘देवाची इच्छा’ हे शब्द मीही एकदा वापरले आहेत, म्हणून त्याबद्दल आधी सांगतो. पाळकपणाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरी तान्हे बाळ गेले होते. काहीतरी बोललेच पाहिजे या भावनेने मी ते वाक्य बोललो. बाळाची आई काही न बोलता उठली आणि स्वयंपाकघरात गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तिने सगळ्यांना चहा दिला. माझ्यासमोर कप ठेवताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. त्या कपातला चहा मला पिववला नाही. तेव्हापासून शोकाच्या घरी मी आधी बसायला शिकलो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय उघडा. लाजर मरण पावला आहे. मार्था येशूला भेटते आणि म्हणते की प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि तेच वाक्य बोलते. दोन बहिणींनी चार दिवस एकमेकींशी हेच बोलून काढले असावेत, असे मला ते वाचताना वाटते. त्या वाक्यात विश्वास आहे आणि तक्रारही आहे, आणि ही दोन एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. येशू दोघींपैकी एकीलाही दटावत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीयेचे रडणे पाहून तो स्वतः रडतो. लाजराला आपण उठवणार हे त्याला ठाऊक होते, तरीही तो रडला. मग तुमच्या डोळ्यांतल्या पाण्याला अविश्वास म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

गीत गाता येत नसेल तर गाऊ नका, पण बाकावर बसत जा. शेजारचे गातील आणि काही काळ त्यांचा विश्वास तुम्हांला सांभाळेल. घरी स्तोत्र 13 मोठ्याने वाचा. ‘किती काळ?’ हा प्रश्न त्यात चार वेळा येतो, आणि शेवटी स्तोत्रकर्ता गाण्याकडे वळतो. तेही जड वाटले तर स्तोत्र 88 घ्या. ते शेवटपर्यंत उजेडाकडे वळत नाही, अंधारातच संपते. आरंभी मात्र स्तोत्रकर्ता देवाला ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ अशी हाक मारतो, आणि सारी तक्रार त्यालाच ऐकवतो. असे स्तोत्र देवाच्या लोकांनी उपासनेच्या पुस्तकात जपून ठेवले, हे माझ्यासाठी आजवर वाचलेल्या अनेक प्रवचनांहून मोठे आश्वासन आहे.

आपल्याच मातीतले एक उदाहरण देतो. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, 1880 साली भाऊ गेला आणि 1882 साली पती. पंचविशी गाठण्यापूर्वीच त्यांच्यावर हे सारे कोसळले होते. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात आपल्या पश्चात कामाचा भार उचलील म्हणून जिच्याकडे पाहावे ती एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या, आणि 1922च्या एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही. स्तोत्रांमधल्या विलापाला साध्या बायकांना समजेल असा मराठी शब्द शोधताना त्यांच्या मनात काय येत असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. त्यांच्यासारखे धैर्य दाखवा, असे मात्र मी तुम्हांला सांगणार नाही, कारण आई जाऊन अजून फार दिवस झालेले नाहीत.

प्रश्न : सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आहे. दिवसा नोकरी, रात्री त्यांचे अंथरूण बदलणे, कूस वळवणे. पहाटे बायबल उघडले की डोळा लागतो. माझे आत्मिक जीवन संपले असे वाटते.

ताई, तुमचे आत्मिक जीवन संपलेले नाही, तुमची झोप संपली आहे. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवले तेही जेवण्यासाठीच. देवाचा मंद स्वर त्याने ऐकला तो त्यानंतर, होरेब पर्वतावर.

म्हणून पहिले काम असे करा : नवऱ्याशी आणि दिरांशी बोलून आठवड्यातल्या दोन रात्री वाटून घ्या. हे बोलणे अवघड जाईल, कारण आपल्याकडे सेवा सुनेचीच असे धरून चालतात. तुमचे पाळक भेटीला आले की त्यांच्यासमोर हा विषय काढा. प्रार्थनेसाठी सध्या येशूला हाक मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाचे शब्द पुरेत : ‘माझ्यावर दया करा.’ चादर ओढताना ते म्हणता येतात.

प्रश्न : आमचे स्वतःचे घर झाले, मुलाला चांगली नोकरी लागली. अडचणीत असताना आम्ही रोज गुडघ्यांवर असायचो. आता आठवड्यातून एकदाही कौटुंबिक प्रार्थना होत नाही. देव हे परत नेईल का, अशी भीती वाटते.

ही भीती मनातून काढून टाका. देव हिशेब घेऊन दाराशी उभा नाही. पण तुम्हांला जाणवलेली उणीव खरी आहे. पोटभर जेवाल, चांगली घरे बांधून राहाल, तेव्हा विसरू नका, असा इशारा बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात आहे, आणि त्याच पुस्तकाच्या 26व्या अध्यायात त्यावरचा उपायही आहे : पहिल्या पिकाची टोपली घेऊन यायचे आणि आपला पूर्वज भटका होता इथपासून सारी हकिगत देवासमोर मोठ्याने सांगायची. आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला बाजरीची कणसे, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे येतात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो, त्यामागे हीच रीत आहे.

तुम्हीही नव्या घरात एका संध्याकाळी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवा. भाड्याच्या खोलीत कोणत्या महिन्यात कोणी किराणा भरला, मुलाची फी कोणी उसनी दिली, हे मुलाला सविस्तर सांगा. त्याला बहुधा यातले निम्मे माहीत नसेल. आणि त्या माणसांना जेवायला बोलवा.