टीएमएसचं पॅकेज घेण्याआधी एवढं विचारा

तुमच्या बाबांना स्ट्रोक येऊन पाच महिने झाले, उजवा खांदा-कोपर हलतं पण मूठ उघडत नाही, आणि क्लिनिकवाले टीएमएसच्या (डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देऊन मेंदूला उत्तेजन देण्याच्या) 20 सेशनचं पॅकेज घ्या म्हणताहेत. तुमचं हे वाचलं आणि चार वर्षांपूर्वीची मीच दिसले. माझाही स्ट्रोकने उजवाच हात गेला होता. मी डॉक्टर नाही, बाबांचा एमआरआय मी पाहिलेला नाही, तेव्हा शेवटचा शब्द न्यूरॉलॉजिस्टचाच.

डोक्याशी आठच्या आकड्यासारखी कॉइल धरतात हे त्यांनी सांगितलंच असेल. पहिल्या दिवशी जोर किती ठेवायचा ते ठरवायला अंगठ्याकडे बघत बसतात. टक्क झालं आणि सात महिने लोळागोळा पडलेला माझा अंगठा टुणकन उडाला. मी रडले, नवरा रडला. आणि तिथेच घोळ झाला. मला वाटलं, आता मशीनच हात आणणार.

सेशन सकाळी 11 ला. ऑक्युपेशनल थेरपीचा (हाताच्या रोजच्या कामांच्या सरावाचा) हॉल संध्याकाळीच मोकळा असतो, म्हणून काउंटरवरच्या बाईंनी मला 6 ची वेळ दिली. मधले सात तास मी रिक्षाने घरी येऊन झोपून काढायची, कारण डोकं जड व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचं जाणंच सोडलं. कुणी हटकलं नाही. पैसे पॅकेजचे भरले होते ना! 20 सेशन संपली तेव्हा अंगठा उडत होता तो फक्त कॉइलखाली. घरी आमटीची वाटी धरता येत नव्हती ती नव्हतीच.

पुढे दुसरीकडच्या थेरपिस्टने एका वाक्यात समजावलं. बाई शेतकऱ्याच्या घरच्या. म्हणाल्या, "अहो ताई, मशीनने वाफसा येतो. पेरायचं त्याच तासात, संध्याकाळी नाही." उत्तेजनाचा परिणाम साधारण अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर टिकतो. त्या वेळात हाताने खरं काम करायचं: हरभरे उचलून बरणीत टाकणं, बाटलीचं झाकण फिरवणं, बटण लावणं. तेही पाच-दहा वेळा नाही, शंभर-दोनशे वेळा.

यावर 2018 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 12 केंद्रं, 199 रुग्ण. अर्ध्याहून जास्त जणांना खरी टीएमएस, बाकीच्यांना नकली, आणि हाताचा सराव मात्र सगळ्यांना सारखाच. दोन्ही गटांत साधारण दोन-तृतीयांश लोकांचा हात सुधारला, फरक जवळपास नाही. टीएमएस थोतांड आहे असं मी म्हणत नाही, दुसऱ्या काही अभ्यासांत फायदा दिसलाय. पण पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर मी डोळे मिटून थेरपिस्टवर घालेन. माझं मत, पटलं तर घ्या.

तरीही घेणार असाल तर काउंटरवर नाही, डॉक्टरांनाच विचारा: कॉइल कुठल्या बाजूला, किती हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला किती ठोके), आणि सेशननंतर लगेच हाताचं काम कोण करून घेणार? तिसऱ्याचं उत्तर "घरी करा" आलं तर तिथून उठा. बाबांना कधी फिट आली असेल, डोक्यात ऑपरेशनमध्ये बसवलेली धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा छातीत पेसमेकर असेल तर ते आधीच सांगा. आमच्याकडे कुणी विचारलं नव्हतं, फॉर्मवर नुसती सही घेतली. विम्याचं तर बोलायलाच नको. "ओपीडी उपचार" म्हणून तीन ओळींचं पत्र, विषय संपला.

ऑनलाइन मिळणारी डोक्याला लावायची बॅटरीची यंत्रं आणून घरी प्रयोग करू नका. आणि दुखण्यासाठीचं टेन्स मशीन म्हणजे मूठ उघडणारं एफईएस नव्हे. एफईएसमध्ये कोपर ते मनगट या भागाच्या मागच्या बाजूच्या स्नायूंना करंट देऊन बोटं उघडतात, तेही काहीतरी धरायला-सोडायला लावत. माझ्या हाताला खरा उपयोग त्याचा झाला. खाली कमेंटमध्ये कुणीतरी मानेच्या दुखापतीबद्दल विचारलंय, ते प्रकरण वेगळं. तिथे मानेवर पॅच लावून मज्जारज्जूला उत्तेजन देणाऱ्या एका यंत्राला डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आहे.

जाता जाता: ताटाखाली ओलं फडकं ठेवा, ताट सरकत नाही. बाबा डाव्या हाताने पटकन सगळं उरकत असतील, तर जेवताना निदान पहिले चार घास उजव्याने घ्यायला लावा, सांडले तर सांडू देत.

आज रात्री एक करून बघा. मनगट टेबलाच्या कडेवरून खाली सोडलं की बाबांची बोटं थोडी तरी उघडतात का? कळवा, मग पुढचं बोलू.