घरशाळा करा, पण हप्त्यावर नको

प्रश्न आर्वी तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. सात एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कापूस), सोयाबीन, तूर. त्या स्वतः शेजारच्या गावी खासगी शाळेत शिकवतात, बाराही महिने ९,००० रुपये पगार. मुलगी यंदा तिसरीत जाईल, मुलगा पाच वर्षांचा. दोघं तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये जातात. फी आणि व्हॅन मिळून वर्षाला ६४,०००. रोज दोन तास व्हॅनमध्ये जातात आणि मुलगी नुसती घोकंपट्टी करते, म्हणून नोकरी सोडून दोघांना घरीच शिकवायचं मनात आहे. एका कंपनीचं टॅबसकट पॅकेज दोघांना मिळून ९०,००० रुपये, बारा हप्त्यांत. ते घ्यावं की बालभारतीच्या पुस्तकांवर भागवावं? आणि दीड लाखाची एफडी मोडावी का?

ताई, एफडीचं आधी सांगतो: मोडायची नाही. आजारपण किंवा दुबार पेरणी आली तर घरात दुसरा पैसा नाही.

आता घरशाळेचा खर्च. तुम्ही पुस्तकं आणि पॅकेजची किंमत लिहिली, पण सर्वांत मोठी रक्कम लिहिलीच नाही: तुमचा पगार, वर्षाचे १,०८,०००. फीचे ६४,००० आणि तुमच्या जाण्यायेण्याचे १२,००० वाचतील, म्हणजे ७६,०००. एक वही विकत घ्यायच्या आधीच ३२,०००ची तूट आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. छापील प्रती, गोष्टीची पुस्तकं, नेट, कधी नागपूरची चक्कर यांना वर्षाला १२,००० धरा. तूट ४४,०००. या १२,०००च्या ऐवजी पॅकेज घेतलं तर तीच तूट १,२२,०००.

तुमच्याच आकड्यांप्रमाणे सगळं फेडून शेतीतून चांगल्या साली दोन लाख उरतात आणि गेल्या साली सत्तर हजारच उरले. चव्वेचाळीस हजारांची तूट वाईट सालीही निभेल. सव्वा लाखाची निभणार नाही.

शिवाय हप्ता महिन्याला आणि चुकारा (विकलेल्या पिकाचे पैसे) वर्षातून एकदा-दोनदा, याचा मेळ बसत नाही. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि तेव्हाच बी-बियाणं, खत, मजुरी डोक्यावर असते. पहिला ७,५००चा हप्ता नेमका तेव्हा येईल आणि कापूस निघेपर्यंत पाच-सहा हप्ते उसनवारीनं भरावे लागतील. पीककर्जातून भरायचा विचार असेल तर तोही सोडा. वेळेत फेडलं तरच व्याजाची सवलत आहे आणि तो पैसा वावरात गेला तरच परत येतो.

कायद्याचं थोडक्यात: शिक्षण हक्क कायदा २००९चा, वय ६ ते १४. घरशाळेला त्यात सरळ परवानगी नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. मूल परत शाळेत आणलं तर त्याला वयानुसार वर्गात प्रवेश द्यावा लागतो, त्यामुळे त्या बाजूनं भीती नाही. पुढं दहावी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून (चौदा वर्षांनंतर) देता येते.

पण एक दार खरोखर बंद होतं. नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, सहावीत जायचं असेल तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली लागतात. तुमची मुलगी आता तिसरीच्या उंबरठ्यावर आहे. परीक्षा कठीण असते, हे खरं. तरी लागलंच तर राहणं, जेवणं, शिक्षण बारावीपर्यंत सरकारी खर्चानं, ही संधी घरशाळेच्या नादात सोडू नये. आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचंही तसंच: जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेतल्या आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,०००. विनाअनुदानित कॉन्व्हेंटमध्ये राहिली तर तीही मिळणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा. मुलीचं नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेत टाका आणि तिला तिथं खरोखर जाऊ द्या. फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारचा आहार, व्हॅनही नाही. मुलाला अजून वर्षभर अंगणवाडी आणि आजी पुरेत, सहा वर्षांचा झाला की पहिली. नोकरी सोडू नका. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तुम्हीच शिकवा, पाहिजे तसं शिकवा. तुमच्याच जिल्ह्यात १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातच्या कामातून शिकण्याची कल्पना मांडली. तुमच्याकडे तर आख्खं वावर आहे: एकरी उतारा, क्विंटलचा भाव, मजुरीचा हिशेब, पावसाची नोंद. हे गणित कोणत्याच टॅबमध्ये येत नाही. आणि खरं सांगू का, तुम्ही नोकरी सोडलीत तर वेचणीच्या दिवसांत घरचेच म्हणतील, ‘घरीच आहेस ना, चल वावरात.’ मग लेकरांना शिकवणार कोण?

असं केलं तर ६४,००० वाचतात आणि पगारही राहतो. त्यातून मुलीचं सुकन्या समृद्धी खातं (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) पोस्टात उघडा. मुलीला दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत उघडावं लागतं. वर्षाला किमान २५० रुपये, कमाल दीड लाख. जानेवारी २०२४ पासून व्याज ८.२ टक्के. दर महिन्याला भरायची सक्ती नाही, कापसाचा चुकारा आला की एकदाच भरा. पंधरा वर्षं भरायचं, एकवीस वर्षांनी मुदत, आणि मुलीची दहावी झाल्यावर किंवा तिला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्मे काढता येतात. यंदा ३०,००० टाकले तरी चालतील, बाकी एफडीला जोडा.

इतकं करूनही पूर्ण घरशाळाच करायची असं ठरलं, तर पुस्तकांवर करा, हप्त्यावर नाही, आणि राजीनामा कापूस विकल्यानंतरच द्या. त्याआधी गावातली दहा पोरं महिना २०० रुपयांवर ट्युशनला मिळतात का ते पाहा. दहा महिन्यांचे २०,००० होतील, म्हणजे तूट २४,०००वर येईल.