सूर्य पोचत नाही तिथे काय खाऊन जगतात?

प्रश्न (डिचोलीहून एक वाचक ताई): नमस्कार सर, 2024 च्या डिसेंबरात बातमी वाचलेली की आपल्या लोकांनी हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोल गरम पाण्याच्या झऱ्याचे फोटो काढले. मुलगी नववीत आहे, ती म्हणते तिथले जीव सूर्याशिवाय जगतात. खरं का हे? आणि पाणी म्हणे 350 डिग्री असतं, मग उकळत कसं नाही? आम्ही आमच्या गावात खाणी बघितल्यात म्हणून अजून एक विचारते, तिथेपण खाण काढणार काय?

उत्तर: ताई, बातमी खरी आहे आणि त्यात आपल्या गोव्याचा मोठा वाटा आहे. वास्कोला हेडलँड सड्यावर एनसीपीओआर आहे ना, जिला लोक अंटार्क्टिकावाली संस्था म्हणूनच ओळखतात, तिने आणि चेन्नईच्या एनआयओटीने (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था) मिळून माणूस न बसवता चालणारं यान खाली सोडलं आणि ते फोटो मिळाले.

उकळण्याचं आधी सांगतो. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, तेच इथे, फक्त कितीतरी पट जास्त. दर 10 मीटरला हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो, म्हणजे 2500 मीटरवर साधारण 250 पट, मग 350 डिग्रीला पण वाफ होत नाही. समुद्राचं पाणी तळाच्या भेगांतून आत झिरपतं, खालच्या तप्त खडकाने तापतं, खडकातलं तांबं, जस्त, लोखंड, गंधक विरघळवून घेतं आणि जोरात वर येतं. बाहेर पाणी दोन-तीन डिग्रीचं, त्यात मिसळल्या मिसळल्या त्या धातूंचे बारीक कण होतात. फोटोत झऱ्यातून निघताना दिसतो तो काळा 'धूर' म्हणजे हेच कण, आणि तेच साठून धुराडं उभं राहतं.

आता खाण्याचं. 1977 मध्ये पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांजवळ आल्विन पाणबुडी अडीच हजार मीटरवर उतरली तेव्हा गरम झरे शोधायला गेलेले, जीव नव्हे. मोहिमेवर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता, त्यामुळे नमुने टिकवायला फॉर्मालिन पुरेना आणि काही नमुने चक्क व्होडकात ठेवावे लागले! तिथे शिंपले होते, खेकडे होते आणि माणसापेक्षा उंच ट्यूबवर्म, म्हणजे नळीत राहणारे किडे, ज्यांना ना तोंड ना पोट. त्यांच्या अंगात बॅक्टेरिया राहतात. वर्म आपल्या लाल पिसाऱ्याने पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन घेऊन त्यांना पोचवतो, बॅक्टेरिया त्या सल्फाइडमधून मिळणारी ऊर्जा वापरून अन्न बनवतात. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू, आपल्याला विषारी, आणि त्याच्यावर अख्खी वस्ती जगते हे मला अजूनही फार थोर वाटतं.

पण मुलीला एक सांगा, 'सूर्याशिवाय' हे अर्धंच खरं. ऊर्जा सल्फाइडची, कबूल, पण ती काढायला ट्यूबवर्मच्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन लागतो, आणि समुद्राच्या पाण्यातला हा ऑक्सिजन उन्हात वाढणाऱ्या वनस्पतींनी आणि शेवाळांनीच तयार केलेला. ऑक्सिजन न लागणारे सूक्ष्मजीवपण तिथे आहेत, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर भागवणारे, त्यांचं सूर्यावाचून खरंच अडत नाही. मोठ्या प्राण्यांचं मात्र अडतं. पुस्तकांत हा फरक बहुतेक गाळतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

खाणीबद्दल. भारताने 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला, मध्य आणि नैऋत्य हिंदी महासागरातल्या डोंगररांगांवर 10,000 चौरस किमी, 15 वर्षं. 2025 मध्ये कार्ल्सबर्ग रिज या हिंदी महासागरातल्याच डोंगररांगेसाठी दुसरा झाला. दोन्ही करार शोध घेण्याचे आहेत, खोदायचे नाहीत. तरी तुमची काळजी योग्यच आहे, कारण शोध चाललाय तो तांबं, जस्त, सोनं-चांदीचाच. याच महासागरात एक गोगलगाय आहे, तिच्या पायावर लोहसल्फाइडचे खवले असतात, असा दुसरा प्राणी माहीत नाही. ती मोजक्याच झऱ्यांवर सापडते आणि 2019 मध्ये आययूसीएनने (धोक्यातल्या जिवांची यादी करणारी आंतरराष्ट्रीय संघटना) तिला धोक्यातली ठरवलं, समुद्रतळाच्या खाणकामाच्या भीतीने यादीत आलेला हा पहिला जीव. माझं मत विचाराल तर जिवंत झऱ्याला हातच लावू नये. थंड पडलेली धुराडी वेगळी गोष्ट, पण तिथेही कोण राहतं ते आधी नीट बघा, मग बोला. डिचोलीच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

आणि मुलीला खरंच आवड असेल तर अकरावीला सायन्स घेऊ दे, बायोलॉजी असो की जिऑलॉजी, दोन्हीकडून या विषयात शिरता येतं. पुढे ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञानाची एमएस्सी आहे, आणि 1966 मध्ये स्थापन झालेली एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) तर दोनापावललाच आहे, घरापासून बसने जाण्याएवढ्या अंतरावर.