पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. घरातले पहिले पदवीधर, सीईटी देऊन कॅप (शासनाची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश, एस.सी. प्रवर्ग, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कितीतरी दिवस 'अंडर स्क्रुटिनी' (छाननीत), आणि कॉलेज म्हणतंय पूर्ण फी भरा, नाहीतर हॉल तिकीट नाही. माझं दुसरं वर्ष असंच गेलं.

जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), डोमिसाइल यावर लिहीत नाही. कॅपमधून आलात म्हणजे ते सगळं तुमच्याकडे असणारच. तुमच्या पोस्टखाली काहींनी 'शासनाकडे निधी नाही, वाट बघा' असं सुचवलंय. निधी रखडतो हे खरंय, पण तुमचा अर्ज अजून शासनापर्यंत गेलेलाच नाही. तुम्हीच टाकलेला स्क्रीनशॉट परत बघा, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून आहे. तिथला कारकून आणि प्राचार्य यांनी पुढे पाठवला तरच तो समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना दिसतो. तोवर वाट कशाची बघायची?

आमच्या कॉलेजात (नाव घेत नाही) स्कॉलरशिपची एकच खिडकी होती. सर्व्हर डाऊन आहे, मॅडम रजेवर आहेत, जेवणाची सुट्टी झाली, हे ठरलेलं. त्याचं काही वाटायचं नाही. महाग पडलं ते एक वाक्य: "तुझा अर्ज पुढे गेलाय, काळजी करू नको." गेला नव्हता. उत्पन्नाच्या दाखल्याचं स्कॅन पुसट आहे म्हणून तो 'सेंड बॅक' मारून, म्हणजे दुरुस्तीसाठी माझ्याकडे परत टाकून ठेवला होता. हे कळलं मुदत संपल्यावर, तेही दुसऱ्याच मुलाच्या कामासाठी गेलो तेव्हा. तक्रार केली तर विचारतात, आम्ही असं बोललो याला पुरावा काय? पुरावा नव्हताच, सगळं तोंडी. आई-वडील ऊसतोडीला जायचे. त्या वर्षीची फी मुकादमाकडून उचल घेऊन भरली आणि ती फेडण्यात पुढचा अख्खा हंगाम गेला.

ज्यांच्या घरी कुणी नोकरीत होतं ती मुलं वडिलांना किंवा काकाला घेऊन थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरायची. काका विचारायचे, "अर्ज दिला त्याची पोच कुठंय?" आमच्या घरात पोच मागता येते हेच कुणाला माहीत नव्हतं. खिडकीवरच्या माणसाला 'साहेब' म्हणायचं आणि तो सांगेल त्या दिवशी परत यायचं, एवढंच आम्हाला येत होतं. असो, राग अजून गेलेला नाही.

तेव्हा आता खिडकीवर जाऊ नका. प्राचार्यांच्या नावाने एक पानी पत्र लिहा: अर्जाचा आयडी, भरल्याची तारीख, सध्याचं स्टेटस, आणि 'मुदतीपूर्वी अर्ज पुढे पाठवावा किंवा त्रुटी लेखी कळवावी' ही विनंती. खाली 'प्रत: सहायक आयुक्त, समाजकल्याण' आणि जिल्ह्याचं नाव. दोन प्रती घेऊन आवक-जावक विभागात जा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि ईमेलही करा. माझा अनुभव असा की 'प्रत' या ओळीनेच निम्मं काम होतं. तरीही हलले नाहीत तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. खाजगी विनाअनुदानित कॉलेज 'आम्हाला तो कायदा लागू नाही' म्हणून हात झटकू शकतं, म्हणून तो समाजकल्याण कार्यालयातच टाका. अर्ज कोणत्या लॉगिनला कधीपासून आहे, एवढंच विचारा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे उशीर करू नका.

फीबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे: पूर्ण फी भरू नका. एकदा गेलेली फी परत मिळवणं हा वेगळाच खटला होतो. पण कॉलेजची भीतीही समजून घ्या. २०२१-२२ पासून शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तिथून फी कॉलेजला द्यायची असते. काही जण देत नाहीत, म्हणून कॉलेजं सगळ्यांकडून आधीच मागतात. 'रक्कम जमा होताच फी भरेन' असं हमीपत्र स्वतःहून द्या, फ्रीशिप कार्ड (आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून दिलेलं कार्ड) निघालं असेल तर ते जोडा. मूळ मार्कशीट किंवा टीसी अडवून ठेवली असेल तर यूजीसीची २०१८ ची अधिसूचना दाखवा, मूळ कागद ठेवून घ्यायला त्यात मनाई आहे. (मी तालुका कोर्टात वकिली करतो, समाजकल्याणचा माणूस नाही. जीआर बदलत राहतात, चालू वर्षाचा स्वतः वाचा.)

आणखी एक. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही. सिमकार्ड घेताना कुणी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं असेल तर रक्कम तिकडे जाते आणि आपण पासबुक भरून बघत बसतो. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, आजच बघा.

तुमचा धाकटा भाऊ बारावीला आहे आणि क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) देणार आहे असं लिहिलंय. त्याला केंद्राच्या 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती योजनेबद्दल सांगा. एस.सी. विद्यार्थ्यांसाठी आहे, उत्पन्न मर्यादा आठ लाख, आणि यादीत राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. नवा अर्ज फक्त पहिल्या वर्षी करता येतो, दुसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही. आयडिया ही संस्थाही शोधायला सांगा. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केली, गरीब घरातल्या मुलांची क्लॅटची तयारी करून घेते.

सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) खर्चाची धास्ती आत्तापासून नको. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलाय, बार कौन्सिलला नोंदणीसाठी खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि एस.सी., एस.टी.कडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. एआयबीई या वकिलीसाठीच्या पात्रता परीक्षेची फी मात्र वेगळी, आपल्याला म्हणजे एस.सी., एस.टी.ला २,५०० रुपये. तेवढे बाजूला ठेवा.

पत्राचा मसुदा हवा असेल तर इथेच सांगा, टाकतो.