पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रोज पाच तास बसतेस, धडा तीन-तीनदा वाचतेस, वाचताना सगळं कळतं आणि पेपर हातात आला की डोकं कोरं पडतं. आता सहा तास बसू का, असं विचारलं आहेस. नको बसूस. पाच तासांचा हिशेब दिलास, पण त्यात पुस्तक किती वेळ मिटलेलं होतं ते लिहिलं नाहीस. माझा अंदाज सांगू? एक मिनिटही नाही.

तिसऱ्या वाचनात धडा सोपा वाटतो, कारण तो ओळखीचा झालेला असतो. येता-जाता रोज दिसणारा चेहरा आपण गर्दीतही ओळखतो, पण घरी बसून त्याचं चित्र काढायला घेतलं की नाकापाशीच अडतं. परीक्षेत चित्र काढायचं असतं आणि तू सराव करतेस तो चेहरा ओळखण्याचा.

मी हे शहाणपण जन्मतः घेऊन आले नव्हते. इतिहासाच्या टिपणवह्या मी तीन रंगांच्या शाईत काढायचे, समासासकट. एकदा पेपरात एका तहाच्या अटी विचारल्या. त्या उजव्या पानावर, खाली, हिरव्या शाईत होत्या, एवढं मला स्वच्छ आठवलं. अटी मात्र एकही आठवली नाही.

रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, चार सत्रं. दुसऱ्या काहींनी तो पहिल्या सत्रातच वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, समोर काही न ठेवता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६० टक्के. आणि गंमत बघ, आपल्याला हे चांगलं लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. तुझी रात्रीची खात्री आणि सकाळचा पेपर यांचं गणित इथेच चुकतं.

तेव्हा असं कर. धडा एकदा नीट, समजून वाच. मग पुस्तक मीट, शक्यतो हात पोचणार नाही इतकं लांब ठेव, आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. क्रम चुकला तरी चालेल, अक्षर वाईट आलं तरी चालेल. अडलं की हात लगेच पुस्तकाकडे जाईल, तो आवर. 'होतं ना काहीतरी, अगदी ओठांवर आहे' अशी जी तगमग होते ना, तीत दोन मिनिटं तशीच बस. तिलाच मी अभ्यास म्हणते, वाचन ही नुसती तयारी. अगदीच येत नसेल तेव्हा पुस्तक उघड आणि राहिलेलं लाल शाईने भर. पुढच्या वेळी सुरुवात त्या लाल भागापासून करायची.

प्रकाशसंश्लेषणाचं उदाहरण घे. समीकरण तू झोपेतही लिहिशील. पण बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो की कार्बन डायऑक्साइडमधून, हे स्वतःला विचार. पाण्यातून येतो. वाचताना हे वाक्य डोळ्यांखालून गेलेलं असतं, पण कोणी विचारलेलं नसतं, म्हणून ते टिकत नाही. प्रत्येक परिच्छेदाला एक 'का' आणि एक 'कसं' चिकटवून ठेवलंस, तर दुसऱ्या दिवशीची प्रश्नपत्रिका आपोआप तयार होते.

पहिले चार दिवस वाईट जातील, हे आधीच सांगून ठेवते. अर्धा कागदही भरणार नाही आणि 'मला तर काहीच येत नाही' असं वाटेल. येत नव्हतं ते आधीही येत नव्हतंच, फक्त दिसत नव्हतं. हायलायटर टाकून दे असं मी म्हणत नाही, पान छान दिसतं त्याने. पण २०१३ साली डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हा अधोरेखन आणि पुनर्वाचन कमी उपयोगाच्या गटात गेले. स्वतःची परीक्षा घेणं आणि उजळणीत अंतर ठेवणं या दोनच पद्धतींना वरचा दर्जा मिळाला.

या अंतराचं मूळ बरंच जुनं आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून स्वतःचं विसरणं मोजलं आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केलं. सर्वांत जास्त गळती सुरुवातीलाच होते, नंतर वेग मंदावतो, असं त्याला आढळलं. अर्थ असलेला मजकूर इतक्या झपाट्याने जात नाही, पण जातोच. म्हणून एकच धडा एका बैठकीत चारदा घोकण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी आणि मग पंधरा दिवसांनी आठवून बघ. थोडंसं विसरल्यावर आठवायला गेलं की जास्त पक्कं बसतं. यासाठी रंगीत वेळापत्रक करू नकोस, त्यातच एक दिवस जातो. धड्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकलीस की पुरे.

गणिताबद्दल तू लिहिलंस की घरी सगळी उदाहरणं सुटतात. सुटणारच, प्रकरणाचं नावच कोणतं सूत्र वापरायचं ते सांगत असतं. परीक्षेत ती पाटी नसते. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं दोन प्रकारे सोडवून घेतली. एकाच प्रकारची सलग सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सगळी मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर घसरले होते आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर होते. तेव्हा तीन-चार जुन्या प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्या टाकून निवड. सोडवण्याआधी 'हे कशाचं आहे?' एवढंच ओळखायचा सराव केलास तरी अर्धं काम होतं.

चुकांना 'सिली मिस्टेक' म्हणणं मात्र आजपासून बंद. उणे चिन्ह तिसऱ्यांदा सुटलं तर ती सवय झाली, वहीच्या मागच्या पानावर तिची नोंद कर. मोबाइल दुसऱ्या खोलीत, यावर मी वाद घालणार नाही. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नकोस, वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं.

पाचाचे तीन तास झाले तर घरी कोणीतरी विचारेल, अभ्यास कमी झाला का? कागद दाखव.

तुला सगळ्यात जड जातो तो धडा उद्या घे, आणि लाल शाई भरून झाली की त्या कागदाचा फोटो मला पाठव. पुन्हा नीट उतरवून काढलेला नको, पहिलाच.

तुझ्या,
बाई